घराची झडती आणि काझी सय्यद करीमुद्दीन यांची दुरुस्ती

संविधान सभेतील मुस्लिम सदस्यांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा राखीव जागा, भाषा आणि वैयक्तिक कायदा यांपुढे सहसा जात नाही. त्यामुळे मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मांडलेली एक दुरुस्ती विस्मरणात गेली. ती कोणा एका समाजासाठी नव्हती, प्रत्येक भारतीयाच्या घरासाठी होती.

डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात मसुद्यातील कलम १४ वर, म्हणजे आजच्या कलम २० वर, चर्चा चालू होती. करीमुद्दीन यांनी सुचवले की, माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची व चीजवस्तूंची अवाजवी झडती किंवा जप्ती होऊ नये. शपथेवर सबळ कारण दाखवल्याखेरीज वॉरंट निघू नये. कोणती जागा तपासायची, कोणाला पकडायचे आणि काय जप्त करायचे, हे वॉरंटमध्ये स्पष्ट लिहिलेले असावे. अमेरिकेच्या संविधानातील चौथ्या दुरुस्तीत (१७९१) हेच तत्त्व आहे. इंग्रजी अमलात सरसकट वॉरंटाच्या जोरावर कोणाच्याही घरात शिरणारे अधिकारी तिथल्या लोकांनी पाहिले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात असाच हक्क मागितला होता. मात्र वॉरंटशिवाय झडतीच घेता आली नाही, तर गुन्ह्यांचा तपास अडेल, अशी शंका संविधान सल्लागार बी. एन. राव यांनी त्याच वर्षी काढली आणि तो हक्क मसुद्यात आला नाही. करीमुद्दीन यांची दुरुस्ती स्वीकारायला बाबासाहेब तयार झाले. त्यांचे म्हणणे असे की, या तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेतच, पण उद्याचे विधिमंडळ त्या काढून टाकू शकेल. म्हणून त्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट. तरीही मतदानात दुरुस्ती फेटाळली गेली.

त्याचे परिणाम पुढे दिसले. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितले की, अमेरिकेसारखा हक्क आपल्या संविधानात नाही. १९७३ च्या पूरणमल निकालानुसार झडती बेकायदा असली, तरी केवळ तेवढ्यावरून तिच्यात मिळालेला पुरावा बाद होत नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची हकिकत त्या निकालपत्रात आली आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार घराच्या झडतीला परिसरातील किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात. घरमालकाला किंवा राहणाऱ्याला हजर राहता येते. जप्त वस्तूंच्या यादीवर पंचांच्या सह्या होतात आणि तिची प्रत घरच्यांना द्यावी लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यायची असते. झडतीचे ध्वनिचित्रमुद्रणही आता बंधनकारक आहे.

‘पंचनामा’ या शब्दात ‘पंच’ आपल्या मातीतला आणि ‘नामा’ फारसीतला. शेजारच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले कागदावर उतरवायचे, हा त्याचा साधा अर्थ. म्हणून पंच म्हणून बोलावले, तर न वाचता सही करू नका आणि झडती आपल्या घराची असेल, तर यादीची प्रत मागायला संकोचू नका. करीमुद्दीन यांना जे संविधानात हवे होते, त्यातले बरेचसे आजही साध्या कायद्याच्या आधारावर उभे आहे आणि तो कायदा ठाऊक असलेल्यालाच त्याचा आधार मिळतो.