साठी बुद्धी नाठी? मेंदूतल्या पांढऱ्या भागाची सव्वाशे वर्षांची गोष्ट

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘व्हाइट मॅटरमध्ये वयोमानानुसार बदल’ असं वाचलं की काही जण घाबरून जातात. काही जण ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून देतात. दोन्ही टोकं चुकीची आहेत. हे बदल डॉक्टरांना कसे उलगडत गेले हे पाहिलं, तर काय करायचं तेही समजेल.

पांढरा भाग म्हणजे काय?

मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरात मज्जापेशी असतात. त्यांना एकमेकींशी जोडणारे लांब तंतू आतल्या भागातून जातात. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, विजेच्या वायरवर प्लास्टिक असतं तसं. त्यामुळे हा भाग पांढरा दिसतो आणि संदेश वेगाने पोहोचतात.

१८९४: पहिली शंका

त्या काळी युरोपातल्या मनोरुग्णालयांत सिफिलिसमुळे बुद्धी ढासळलेले रुग्ण पुष्कळ असत. जर्मनीतल्या येना शहरातले डॉक्टर ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये आठ वेगळे रुग्ण मांडले. त्यांची बुद्धी हळूहळू मंदावली होती आणि मेंदूचा पांढरा भाग आक्रसला होता. कारण सिफिलिस नसून कडक झालेल्या रक्तवाहिन्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९०२ मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी या आजाराला बिन्सवांगर यांचं नाव दिलं. होय, ज्यांच्या नावाने विस्मरणाचा आजार ओळखला जातो, तेच अल्झायमर.

पण हे सगळं दिसायचं ते मृत्यूनंतर, शवविच्छेदनात. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं हा एक दुर्मिळ आजारच मानला गेला.

स्कॅन आला आणि चित्र पालटलं

१९७१ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९८० च्या दशकात एमआरआय आला. मग लक्षात आलं, की असे बदल दुर्मिळ तर नाहीतच, उलट उतारवयात अगदी सर्रास आढळतात. हिंडत्याफिरत्या, ठणठणीत माणसांतही. आता या सगळ्यांना आजारी म्हणायचं का? १९८७ मध्ये कॅनडातले डॉ. व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ल्युकोअरायोसिस’ हा शब्द सुचवला. त्याचा अर्थ एवढाच, की पांढरा भाग विरळ झाला आहे. आजाराचा शिक्का त्यात मुद्दाम टाळला होता.

विचारांवर काय परिणाम होतो?

मेंदूच्या खोल भागाला अगदी बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की त्यांच्या भिंती जाड होतात, रक्त कमी पडतं आणि मायलिन झिजतं. संदेश पोहोचतात, पण उशिरा. म्हणून आठवण पुसली जाण्यापेक्षा आधी वेग कमी होतो. हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, नाव आठवत नाही पण पहिलं अक्षर सांगितलं की आठवतं. कधी चालही मंदावते. डाग थोडे असतील तर यातलं काहीच जाणवणार नाही, असंही होतं.

२०१९: ‘चालायचंच’ला उत्तर

अमेरिकेतल्या स्प्रिंट या अभ्यासात पन्नाशीपुढच्या, बीपी असलेल्या ९,००० हून अधिक लोकांचे दोन गट केले होते. एका गटात वरचं बीपी १२० च्या खाली, दुसऱ्यात १४० च्या खाली ठेवायचं होतं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: १२० च्या गटात पांढऱ्या भागातले डाग कमी वाढले आणि सौम्य बौद्धिक घट सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. डिमेन्शिया मात्र खात्रीने कमी झाला असं सिद्ध झालं नाही. डाग पुसले गेले नाहीत, पण त्यांची वाढ मंदावली. म्हणजे बिन्सवांगर यांनी रक्तवाहिन्यांवर ठेवलेलं बोट योग्य जागी होतं.

तुम्ही काय कराल?

- बीपी नियमित मोजा. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका.
- १२० हे लक्ष्य सगळ्यांसाठी नाही. या अभ्यासात मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले रुग्ण नव्हते. उठताना चक्कर येत असेल तर बीपी फार उतरवणं धोक्याचं. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
- तंबाखू, विडी, सिगारेट सोडा. साखर आटोक्यात ठेवा. रोज चाला.
- बोलणं, चाल किंवा वागणं अचानक बदललं, तर त्याला वय समजून थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण जुनी आहे. बीपीचं यंत्र त्या मानाने नवं. विश्वास यंत्रावर ठेवा.