छऱ्याची बंदूक आहे, आता दुसरी घ्यायचीय : कमी बजेटमध्ये डहाणू-तलासरीवाल्यांनी काय घ्यावं?

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा डहाणू, तलासरीच काय, सीमेपलीकडून गुजरातमधूनही माणसं येतात. पाळणे असतात, खेळण्यांची दुकानं असतात आणि फुगे फोडायची बंदूक असते. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरलेली असते ती अशाच एखाद्या यात्रेत. नेम लागला की हौस लागते. मग कुणाच्या तरी ओळखीने एक स्वस्तातली, नळी मोडून छरा भरायची एअर रायफल घरात येते. वर्षभर परसात डबे पाडून झाले, की पुढचा प्रश्न येतो : आता दुसरी कोणती घ्यायची?

बजेट मोठं असतं तर प्रश्नच नव्हता. पण चिकूच्या हंगामातून किंवा पगारातून बाजूला काढलेल्या पैशातून घ्यायची असेल, तर चूक परवडत नाही. आणि चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. माणूस पहिल्या बंदुकीपेक्षा जास्त ताकदीची बंदूक शोधायला लागतो.

ताकदीचा घोळ

आधी कायदा बघू, कारण ताकदीचा आकडा तिथूनच येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअरगनचा बोअर ४.५ मिलिमीटरपर्यंत आहे (दुकानात हिला ‘पॉइंट १७७’ म्हणतात) आणि जिची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या पाहिजेत. म्हणजे ५.५ मिलिमीटरची, ‘पॉइंट २२’ एअरगन कितीही कमी ताकदीची असली तरी तिला परवाना लागतो. ‘दादा, हिला काय नाय लागत, सगळे घेतात’ असं सांगणारा भेटलाच, तर तिथून पाय काढता घ्या.

आता जाहिरातीतला आकडा. तिथे ज्यूल नसतात, ‘१००० एफपीएस’ असं मोठ्या अक्षरात असतं. एफपीएस म्हणजे छरा सेकंदाला किती फूट जातो ते. १००० एफपीएस म्हणजे सेकंदाला साधारण ३०५ मीटर. नेहमीचा छरा असतो ०.५३ ग्रॅमच्या आसपास. शाळेतलं सूत्र लावा, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, तर उत्तर येतं साडेचोवीस ज्यूल. म्हणजे २० च्या मर्यादेबाहेर! मग ही बंदूक उघड कशी विकतात? बहुतेक वेळा तो वेग ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छऱ्याने काढलेला असतो. त्या छऱ्याने ऊर्जा भरते सोळा ज्यूलच्या आसपास. कागदोपत्री सगळं ठीक, पण तुम्ही नेहमीचा छरा भरला की तो वेग तुम्हाला दिसणार नाही. थोडक्यात, एफपीएस बघून पैसे मोजू नका, बंदुकीची ऊर्जा ज्यूलमध्ये किती ते विचारा आणि ते बिलावर किंवा कंपनीच्या कागदावर दाखवायला सांगा.

आता खरी गंमत. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. (त्याचे वडील बाळासाहेब पाटील हे पुढे आपल्याच पालघर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक होते.) या स्पर्धेत वापरतात त्या रायफलींचा छरा सेकंदाला साधारण १७० मीटरने सुटतो. हिशेब केला तर साडेसात ज्यूलच्या आसपास. परवान्याशिवाय जेवढी ताकद ठेवता येते, तिच्या निम्म्याहूनही कमी. आणि एवढ्यात तो नेम कुठे धरायचा? तर १० मीटरवरच्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर.

ज्याला कागदावर नेम धरायचाय त्याला जास्त ताकद उलट नडते. नळी मोडून भरायच्या बंदुकीत आत एक जड दट्ट्या स्प्रिंगने पुढे आपटतो. छरा अजून नळीतच असतो आणि बंदूक हाललेली असते. स्प्रिंग जितकी कडक तितका हा हिसका मोठा. म्हणून पहिल्या रायफलने १० मीटरवर चिन्हाभोवती छरे विखुरत असतील, तर तीच जातीची आणखी जोरकस रायफल घेऊन ते जवळ येणार नाहीत.

मग पैसे कुठे घालायचे?

तुमचं लक्ष्य काय आहे त्यावर ते ठरतं. घरी हौस म्हणून कागदच फोडायचे असतील आणि स्पर्धेत जायचं नसेल, तर माझं प्रामाणिक मत असं, की दुसरी बंदूक घेऊच नका. आहे ती रायफल एखाद्या चांगल्या कारागिराकडून सील, स्प्रिंग बघून घ्या, तीन-चार वेगवेगळ्या छऱ्यांचे डबे आणा आणि टेकूवर ठेवून कोणता छरा सगळ्यात जवळजवळ बसतो ते बघा. एकाच बंदुकीत एका कंपनीचा छरा बोटभर पसरतो आणि दुसऱ्याचा एका नाण्याखाली झाकतो, हे तुम्हाला दिसेल. हा फरक बंदूक बदलूनही येत नाही कधीकधी.

जिल्हा, राज्य स्पर्धेत उतरायचं असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात एअर रायफलमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे वेगवेगळे गट असतात. ओपन साइट म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच, पीप साइटमध्ये मागे बारीक छिद्रातून बघायचं. नवख्याने ओपन साइट गटात देशी रायफल घेऊन उतरणं हा सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता. इथे आधीच्या रायफलीवर पीप साइट बसवली की तुमचा गटच बदलतो, आणि तिथे समोर परदेशी रायफलवाले असतात. म्हणून साइट विकत घेण्याआधी प्रशिक्षकाला विचारा.

या टप्प्यावर दुसरी रायफल घ्यायचीच तर पीसीपी घ्या. यात नळकांड्यात आधीच दाबाने हवा भरलेली असते, छरा सुटताना आत दट्ट्या आपटत नाही, म्हणून हिसका जवळजवळ नसतो. महाराष्ट्रातलीच प्रिसिहोल कंपनी अशा रायफली बनवते, त्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्ती परदेशी मालापेक्षा सोपी पडते. पण दुकानदार सांगेल ती रायफलीची किंमत. हवा भरायला २०० बारचा हातपंप लागतो, त्याचा खर्च वेगळा. तो पंप मारायला घाम निघतो, हे कुणी सांगत नाही.

आणि आपल्या भागात एक वेगळीच अडचण आहे. डहाणू, बोर्डी, चिंचणी सगळा किनारा. हवेत ओल, त्यात खार. ओलसर हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि नळकांड्यात जाऊन बसतं. आतून गंज चढतो, तो बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात तर तलासरीच्या आतल्या गावांतही हेच. म्हणून हवेतली ओल टिपणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या, आणि भरताना मधेमधे थांबून पंपातलं पाणी सोडून द्या. दुसरं, या भागांना घरातलं मशीनचं तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं, तेच. बाहेरच्या लोखंडाला मात्र वापरून झाल्यावर दर वेळी तेलाचा हलका हात हवाच.

सेकंडहँड परदेशी रायफलचा मोह पण होतो. नवीन फाइनवर्कबाऊ किंवा वॉल्थर लाखांत जाते, आणि एखादा मोठा नेमबाज नवी घेताना जुनी काढतो तेव्हा भाव निम्मा वाटतो. घ्यायला हरकत नाही, फक्त हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. या कंपन्या सिलिंडरचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नवा सिलिंडर आणि सील बदलण्याचा खर्च मिळवला की ‘निम्मा भाव’ पुन्हा वर सरकतो.

एअर पिस्तूल हा तिसरा पर्याय. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, रायफलच्या ठिपक्यापुढे थाळीच. म्हणून सोपं वाटतं. पण एका हातात, कशाचाही टेकू न घेता धरायचं असतं आणि देशी स्वस्त पिस्तुलांचा ट्रिगर बहुधा कडक असतो. रायफल आवडते म्हणून ‘बदल म्हणून’ पिस्तूल घेणाऱ्याचं ते कपाटात पडून राहतं. पिस्तूलच खेळायचं ठरलं असेल तरच घ्या.

छऱ्यांचा हिशेब कुणी करत नाही

समजा तुमच्याकडे ३० हजार आहेत. सगळे बंदुकीत घातले तर काय होतं? स्पर्धेत ६० छरे मारावे लागतात, आधी सरावाचे वेगळे. आठवड्यातून तीन दिवस ८० छरे धरले तर आठवड्याला २४०, वर्षाला साडेबारा हजारांच्या आसपास. ५०० च्या डब्यांत मोजलं तर २५ डबे. तुमच्या दुकानातल्या डब्याच्या किमतीला २५ ने गुणा आणि मग बंदुकीचं बजेट ठरवा. शिवाय डहाणू रोडहून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जायचं तर लोकलमध्येच अख्खा दिवस जातो. महिन्यातून दोनदा जरी गेलात तरी त्याचे पैसे लागतात. माझा कच्चा नियम असा : हातातल्या पैशांतले निम्मेच बंदुकीत, उरलेले वर्षभराचे छरे, लक्ष्यकागद, प्रवास आणि प्रशिक्षणाला.

ऑलिंपिकचा विषय निघाला की स्वप्नील कुसाळेचं नाव येतंच. कोल्हापुरातल्या कांबळवाडीचा हा मुलगा सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीत आला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य घेऊन आला. पण ती ‘पॉइंट २२’ ची खरी रायफल, काडतुसांची. तिला परवाना लागतो, वयाची २१ वर्षांची अट आहे (नोंदणीकृत नेमबाजांसाठी नियम वेगळे), आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. डहाणू-तलासरीवाल्यांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. छऱ्याच्या बंदुकीनंतर थेट हिच्यावर उडी मारायची असेल तर आधी क्लबचं सदस्यत्व घ्या, तिथली रायफल वापरा, मग ठरवा.

बागेत नको

ही गोष्ट लिहिणं भाग आहे, कारण घोलवड, बोर्डीच्या बागांत ‘वटवाघळं हाकायला’ म्हणून एअरगन घेणारे आहेत. पूर्वी वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं, कावळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. आणि या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. जखमी करणं, हाकून पकडणं, अंडी काढणं हेही त्यातच धरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, शिवाय वापरलेली बंदूक सरकारजमा. ३० हजारांची रायफल एका वटवाघळापायी जाते. अरुणाचलमध्ये २०२१ मध्ये याच कारणाने एअरगन जमा करायची मोहीम निघाली आणि दोन हजारांवर लोकांनी स्वतःहून बंदुका दिल्या. वटवाघळांसाठी झाडावर जाळी टाका.

घरी सराव करत असाल तर १० मीटर म्हणजे ३३ फूट सरळ जागा हवी, आणि लक्ष्यामागे काय आहे ते महत्त्वाचं. पत्रा हा अडसर नव्हे, छरा त्यावरून उलट येतो किंवा आरपार जातो. जुन्या कपड्यांनी गच्च भरलेली जाड लाकडी पेटी बरी. चुकलेला छरा काही शे मीटर जाऊ शकतो आणि आपल्याकडे पाडा किती जवळ असतो हे सांगायला नको. डोळ्यांना चष्मा. छरे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका, आणि पोरांना छरे तोंडात धरायची सवय लागू देऊ नका.

घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, तो द्या. बिलावर मॉडेल, बोअर आणि अनुक्रमांक आहे ना ते तिथेच वाचा. निवडणूक, सण असला की जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरायला बंदी लागते. त्या दिवसांत रायफल बाहेर काढू नका, आणि एरवी नेताना ती पेटीत, छरे वेगळ्या पिशवीत आणि बिलाची प्रत सोबत. उंबरगाव किंवा सिल्वासाच्या बाजूला जाणार असाल तर तिथल्या पोलिसांचा आदेश वेगळा असू शकतो, निघण्याआधी ठाण्यात फोन करून विचारून घ्या.