खप्पा मर्जी: शब्द दरबाराचा, सवय आपली

"साहेबांची खप्पा मर्जी झाली, दुसरं काय!" एखाद्याची मुदतीआधीच बदली झाली की आपल्या शहरातल्या कुठल्याही कचेरीबाहेरच्या टपरीवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. पक्षाचं तिकीट कापलं, समितीतून नाव गळालं, तरी कारण हेच. आणि गंमत म्हणजे, एवढं ऐकल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही.

आधी शब्द बघू. 'खप्पा'चा 'खपणे'शी काही संबंध नाही. मूळ फारसी शब्द 'खफा', म्हणजे नाराज, रागावलेला. त्याचा आणखी जुना अर्थ गुदमरलेला, गळा आवळलेला. मराठी तोंडात 'फ'चा 'प' झाला आणि वर जोर चढला. 'मर्जी' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली. तिचं गोत मोठं आहे. राजी, नाराज, रजा, राजीनामा हे सगळे एकाच धातूचे. मुळात अर्थ संतोष किंवा संमती. म्हणजे राजीनामा हा खरं तर 'मी राजी आहे' असं लिहून दिलेला कागद! आजकाल राजीनामे कसे घेतले जातात ते आठवा, म्हणजे विनोद कळेल.

ज्या जगात हा शब्द घडला, ते जग आपल्या शहराने फार जवळून पाहिलंय. मोगलांच्या दख्खन सुभ्याचा कारभार इथून चालायचा. मनसब, जहागीर, नेमणूक, बदली, सगळं बादशहाच्या मर्जीवर. मर्जी फिरली की माणूस संपला.

शाहिस्तेखान तर औरंगजेबाचा सख्खा मामा. एप्रिल १६६३ मध्ये पुण्याच्या लाल महालात शिवाजी महाराजांनी छापा घातला. खानाची बोटं गेली, मुलगा मारला गेला, आणि खान औरंगाबादला परतला. बादशहाने त्याला थेट बंगालच्या सुभ्यावर धाडलं, वाटेत दरबारी येऊन भेटण्याचीही परवानगी नाही.

मिर्झाराजे जयसिंग. १६६५ च्या पुरंदर तहात २३ किल्ले मिळवून देणारा सेनापती. पण विजापूरची मोहीम फसली, १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले, आणि आधीचं सगळं पुसलं गेलं. दख्खनची सूत्रं शहजादा मुअज्जमकडे गेली. परतीच्या वाटेवर १६६७ मध्ये बऱ्हाणपूरला जयसिंग वारले.

आणि तिसरा माणूस तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. नवरात्रात आपण ज्या करणपुऱ्याच्या यात्रेला जातो, तो करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा. त्याच्यावरही औरंगजेबाची मर्जी खप्पा झाली. गादी मुलाला, अनुपसिंहाला मिळाली, आणि करणसिंह १६६९ मध्ये इथेच, आपल्या राज्यापासून शेकडो कोस दूर वारला.

या तिघांना दाद मागायला जागा नव्हती. ज्याने काढलं, त्याच्याच पायाशी अर्ज करायचा.

आता आपल्याकडे या. राज्यघटनेतही 'मर्जी' आहेच. अनुच्छेद ३१० प्रमाणे सरकारी नोकर राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांची मर्जी असेपर्यंत पदावर असतो. पण लगेच पुढचा ३११ त्या मर्जीला लगाम घालतो. काही अपवाद सोडले, तर आरोप सांगितल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय, बाजू मांडू दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. बदलीचंही तसंच. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्यात अधिकाऱ्याचा एका पदावरचा साधारण कार्यकाळ ३ वर्षांचा आहे. त्याआधी हलवायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरिष्ठांची मंजुरी लागते.

मग तरीही आपण 'खप्पा मर्जी' म्हणून गप्प का बसतो? कारण ते सोयीचं आहे. वरच्याला कारण द्यावं लागत नाही, खालच्याला भांडावं लागत नाही, आणि आपल्याला प्रश्न विचारावा लागत नाही. नळाला पाणी का नाही हे विचारणारा, अतिक्रमणावर बोट ठेवणारा एखादा अधिकारी मुदतीआधी जातो, तेव्हा नुकसान त्याचं थोडं आणि आपलं जास्त होतं.

शब्द राहू द्या, छान शब्द आहे. घरी सासूबाईंची, बायकोची खप्पा मर्जी होऊ दे, त्याला कायदा नाही! पण कचेरीच्या दारात तो ऐकला, तर एकच विचारा: कारण लेखी आहे का? असेल तर माहितीच्या अधिकारात मागा. करणसिंहाला हे विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.