मनोराज्याचे वाङ्मयीन मोल : गोडसे भटजींच्या निमित्ताने

'मनोराज्य' या शब्दाला मराठीत प्रतिष्ठा नाही. 'शेखमहंमदी' म्हणून त्याची टवाळीच अधिक झाली. मनोराज्याचा निर्मितीशी काही संबंध असतो काय, हे तपासायचे तर गडब ज्या पेण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण उद्‌बोधक ठरते.

घरच्या दारिद्र्याने व कर्जाने गांजलेल्या या भिक्षुकाच्या कानी वार्ता आली, की बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत. दक्षिणा मिळेल, ऋण फिटेल, हे त्यांचे मनोराज्य. त्या आशेवर १८५७ मध्ये काका रामभट यांच्यासह ते उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ मधील झाशीचा वेढा व पाडाव त्यांनी शहरात राहून पाहिला. मिळालेले द्रव्य लुटले गेले. वरसईस पोहोचली ती मुख्यतः गंगाजलाची कावड.

लौकिक हिशेबाने मनोराज्य बुडाले. परंतु सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी तो वृत्तांत लिहिला, आणि १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हिएन्नात फ्रॉइडने लेखक आणि दिवास्वप्न या विषयावर व्याख्यान दिले. लेखक दिवास्वप्नातील अहंता सौम्य करतो म्हणून ते इतरांना आस्वाद्य होते, असे त्याचे प्रतिपादन होते. गोडसे यांच्या बाबतीत हे काम प्रथम इतिहासानेच केले. इच्छा फसल्यामुळे निवेदकाची दृष्टी स्वतःच्या लाभावरून सुटली आणि राणीवर, लुटल्या गेलेल्या शहरावर स्थिरावली.

ही तर स्मृती, मनोराज्य नव्हे, असा आक्षेप येईल. तथापि समोर नसलेले चित्र मनात जागते ठेवणे ही दोहोंतील समान वृत्ती होय. निघताना ती भविष्याकडे वळलेली होती, लिहिताना भूतकाळाकडे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वैद्यांनी संहितेत बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये ती प्रसिद्ध केली. गोडसे यांच्या कल्पनाशक्तीविषयीचे कोणतेही विधान या संहितेवरच तोलले पाहिजे. अन्यथा संपादकाचे मनोराज्य आपण लेखकाच्या नावे जमा करू.

मनोराज्य फलद्रूप होते ते पुरे झाल्याने नव्हे. मोडल्यावर त्याचा प्रामाणिक जमाखर्च मांडला गेल्याने.