शर्तींचा रकाना

नाना बोटीवर खलाशी होते. विलायतेला जाताना बोट पोर्ट सैदला कोळसा घ्यायला थांबे, आणि नाना तिथून खजूर आणत, गोष्टी आणत. त्यांतली एक आमच्या पडवीत कितीदा तरी सांगून झालेली: मिसरची एक बेगम युरोपातल्या बायकांच्या सभेहून परतली, कैरोच्या फलाटावर आली आणि तिने तोंडावरचा पडदा काढला. नानी तांदूळ पाखडत ऐकायची. एकदा सूप न थांबवताच म्हणाली, "काढला ते बरं केलं. पण तिला मेहेर मिळाला का?"

मेहेर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम. नाना नुसते हसले.

त्या बेगमेची बाकीची गोष्ट मला फार उशिरा, पुस्तकांत सापडली. बेगम म्हणजे हुदा शारावी. साल १९२३, सभा रोमची. तेराव्या वर्षी तिचं लग्न नात्यातल्याच, वयाने कितीतरी मोठ्या माणसाशी लागलं. निकाहाच्या करारात शर्त होती, की त्याने आधीच्या बाईशी संबंध ठेवायचा नाही. त्याने शर्त मोडली आणि हुदा सात वर्षं वेगळी राहिली, शिकली. म्हणजे रोम पाहण्याच्या खूप आधी तिला मोकळा श्वास मिळाला तो निकाहाच्या कागदामुळे.

नानीला हे ऐकून नवल वाटलं नसतं. बायकोची मालमत्ता बायकोचीच, हे शरियतीत शतकानुशतकं होतं. इंग्लंडच्या बायकांना त्यासाठी १८८२चा कायदा लागला. त्याच इंग्लंडचा लॉर्ड क्रोमर मिसरवर राज्य करताना तिथल्या बायकांच्या पडद्याबद्दल हळहळायचा, आणि मायदेशी परतल्यावर बायकांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांचा पुढारी झाला. असल्या कळवळ्यावर कोणती बाई विश्वास ठेवील?

पण म्हणून पश्चिमेकडून येणारं सगळंच परकं ठरवून दार लावायचं का? कागदातल्या शर्तीने एका हुदाची सुटका झाली. पण मिसरमध्ये मुलींचं लग्नाचं वय सोळा करणारा कायदा व्हायला संघटना लागली, आणि संघटना कशी चालवायची हे हुदा रोमसारख्या सभांतूनही शिकली. बहुपत्नीत्वाला आळा मात्र तिच्या हयातीत बसला नाही. त्यात तिला अडवणारे परके नव्हते, तिच्याच देशातले होते.

आपल्याकडे १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुसलमान बायका तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर चालून गेल्या. हे दुखणं त्यांना कुठल्या विलायती पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

नाना गेले तेव्हा मय्यतीजवळ बायकांनी नानीला रिवाजाप्रमाणे म्हणायला लावलं, "मेहेर माफ केला." ती म्हणाली. चाळिसाव्यानंतर मला जवळ बसवून म्हणाली, "सव्वाशे रुपये होते, बाय. माफ करायला सगळ्यांनी सांगितलं. मागायला कधी कुणी सांगितलं नाही."

तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत निकाहनामा निघाला. शर्तींच्या रकान्यात काझीने आडवी रेघ ओढलेली.

भाचीच्या निकाहाच्या आदल्या रात्री मी तो कागद तिच्यापुढे उलगडला. मेंदीचं बोट न टेकवता तिने त्या रेघेकडे दाखवलं.

"इथे काय लिहायचं असतं, खाला?"