वॉटसन हॉटेल: बीडाचे खांब आणि दारातला माणूस

आजच्या भागात आपण मुंबईतल्या एका म्हाताऱ्या हॉटेलची गोष्ट ऐकणार आहोत. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीच्या रांगेत एक भलीमोठी, थकलेली इमारत आहे. तिथे फोटो काढताना ती तुमच्या मागे आलीही असेल. आजचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. मूळ नाव वॉटसन हॉटेल.

१८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात फोर्टची तटबंदी पाडली आणि मोकळे प्लॉट विकायला निघाले. त्यातला एक जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने घेतला. डिझाइन केलं रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या छपरावर काम केलेला हाच माणूस.

आता गंमत बघा. बीडाचे खांब आणि बाकीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजाने मुंबईत आला आणि इथे जोडला गेला. आपण ऑनलाइन कपाट मागवतो, सुटे भाग येतात आणि घरी बसून स्क्रू लावतो ना? तसंच, फक्त पाच मजल्यांचं. १८७१मध्ये हॉटेल सुरू झालं. आपल्या देशात आजही उभी असलेली ही सगळ्यात जुनी अशी बहुमजली इमारत मानतात.

हॉटेल गोऱ्या पाहुण्यांसाठी होतं. जमशेदजी टाटांना इथे दारातून परत पाठवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, हा किस्सा तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचला असेल. त्याला कागदोपत्री पुरावा नाही, त्यामुळे तो किस्सा म्हणूनच ठेवू. ताज १९०३मध्ये उघडलं आणि वॉटसनची चमक उतरत गेली, एवढं खरं.

पण त्याआधीचं १८९६ हे साल या हॉटेलसाठी मोठं होतं. ७ जुलैला इथे ल्युमिएर बंधूंचे सहा छोटे सिनेमे दाखवले. भारतातला हा पहिला सिनेमाचा खेळ. तिकीट एक रुपया. खिसा आणि रंग दोन्ही बघून प्रेक्षक आले, असं म्हणायला हरकत नाही. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि मग सगळ्या थरांतले लोक यायला लागले. हे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं.

१८९६च्याच जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईत आला आणि इथेच उतरला. त्याने बाल्कनीतल्या कावळ्यांवर लिहिलेलं मजेशीर आहे, लोक तेवढंच सांगतात. पण त्याच प्रवासवर्णनात दुसरा प्रसंग आहे. खोलीच्या बाल्कनीच्या दाराचं काहीतरी काम होतं. एक देशी नोकर गुडघ्यांवर बसून ते करत होता. सोबतच्या धिप्पाड जर्मन माणसाला काम पसंत पडलं नाही. काय चुकलं हे सांगण्याआधीच त्याने नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर गप्प राहिला. ट्वेनला आपलं लहानपण आठवलं, अमेरिकेतली गुलामी आठवली. असं दृश्य आपण पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं, असं तो लिहितो.

हा प्रसंग मी फोर्टातल्या एका जुन्या लॉजमध्ये रात्री मोबाइलवर वाचला. विकेंडला मुंबई फिरायला गेलो होतो आणि दिवसा वॉटसनच्या खालून दोनदा चालून आलो होतो. वाचलं आणि झोपच उडाली, कारण मी झरीचा.

आमचं झरी आज पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होतं. २३ मे १९४५ला तिथे हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने सभा घेतली होती. ठरलं काय? सावकार-जमीनदाराची फुकट वेठ करायची नाही. रोजाला बारा आण्यांपेक्षा कमी मजुरी घ्यायची नाही. आणि कोणी हात उचलला तर सगळ्यांनी मिळून अडवायचं. याची किंमतही मोजावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले.

हॉटेलातल्या त्या थपडेपासून झरीच्या सभेपर्यंत ४९ वर्षं. तो नोकर कुठल्या गावचा, त्याचं नाव काय, कुठेच नोंद नाही. ऑर्डिशचं नाव आहे, वॉटसनचं आहे, ट्वेनचं आहे.

पुढे हॉटेल बंद पडलं. खोल्यांची ऑफिसं झाली. हायकोर्ट जवळ, म्हणून वकिलांची बरीच. भाडं जुनं, डागडुजी कोण करणार? २००५मध्ये एक भाग कोसळून एकाचा जीव गेला. २००६च्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ही इमारत होती. २०१९मध्ये ती रिकामी केली. आयआयटी मुंबईचा अहवाल पाडा म्हणत होता, वारसा जपणारे दुरुस्त करा म्हणत होते.

माझं मत दुरुस्तीच्या बाजूने आहे. जुना कोड चालतोय म्हणून वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही आणि एक दिवस सगळं बसतं, तसं या इमारतीचं झालं. पण सांगाडा वाचला तर तिथल्या पाटीवर पहिल्या सिनेमाबरोबर त्या बिननावाच्या माणसासाठीही एक ओळ हवी.

पुढच्या वेळी काळा घोड्याला गेलात की मान वर करून त्या बाल्कन्या बघा. तुमच्या गावात असं जुनं हॉटेल असेल तर तिथे कोण राबायचं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!