वर्ग सुटल्यावर गावात कोण येतं?

नव्याने नेमलेल्या अंगणवाडी सेविकेचं मुख्य प्रशिक्षण कामाच्या 26 दिवसांचं असावं, असं केंद्राच्या आराखड्यात अनेक वर्षं लिहिलेलं होतं. पुढे अधूनमधून पाच दिवसांची उजळणी. तेवढ्यात तिने शिकायचं काय? वजन घेणं, वाढीचा तक्ता भरणं, लसीकरणाचं वेळापत्रक, गरोदर बाईचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांची गाणी-गोष्टी-खेळ, साठा, वाटप, गृहभेट आणि या सगळ्याची नोंद. एखाद्या पदविकेला पुरेल एवढा हा अभ्यासक्रम.

मूल सांभाळण्याचं काम शिकवावं लागतं, ही समजूतच आपल्याकडे उशिरा आली. संस्था मात्र जुन्या. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. 1875 मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अनाथ मुलांसाठी आश्रम उभा केला. सांभाळणाऱ्या माणसाच्या अंगी माया असली की पुरे, असा तेव्हाचा भरवसा होता. बाईला ते उपजतच येतं, हा त्याहून जुना भरवसा. दुसरा अजून पुरता गेलेला नाही. सेविकेला मिळतं त्याला पगार न म्हणता मानधन म्हणतात, त्यात तो शाबूत आहे.

हे काम शिकवण्याच्या दोन वाटा आपल्याकडे निघाल्या. पहिली भावनगरहून येते. गिजुभाई बधेकांनी तिथे 1920 मध्ये दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू केलं आणि 1925 मध्ये शिक्षक घडवणारं अध्यापन मंदिर. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती जागा सोडून त्या 1923 मध्ये गिजुभाईंकडे गेल्या. त्या काळी प्राचार्यपद सोडून तीन वर्षांच्या पोरांत जाऊन बसणं म्हणजे लोकांच्या लेखी पायरी उतरणंच होतं. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. दहा वर्षांनी ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला, त्यालाही जोडून अध्यापनाचा वर्ग होता. शिकणारीने मुलांना पाहायचं, पाहिलेलं लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलांसमोर उभं राहायचं. चूक झाली की शिकवणारी तिथेच हजर.

दादरची मुलं पांढरपेशांची होती, आणि माँटेसोरीचं साहित्य महाग. ताराबाई ते जाणून होत्या. 1945 मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या पस्तिशीच्या अनुताई वाघ तिथे आल्या होत्या. तेराव्या वर्षी विधवा झालेली, पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकलेली ही बाई त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंबरोबर डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेली. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

बोर्डीचा अनुभव जरा थांबून पाहण्यासारखा आहे. बालवाडी मांडली, पण जिच्यासाठी मांडली ती मुलं येईनात. हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यावरची मुलं घरची धाकटी भावंडं सांभाळत किंवा गुरांमागे जात. मग केंद्रातल्या बायका उठून त्यांच्या अंगणात गेल्या. आधी आंघोळ, नखं, केस, डोळे. त्यानंतर गाणं, गोष्ट. मण्यांच्या जागी शिंपले आले, ठोकळ्यांच्या जागी बिया, खडे, काड्या. अंगणवाडी अशी निघाली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही झाली. नखं कापणारणीच्या आसपास आई बसलेली असते, आजी टोमणे मारत असते, शेजारची बाई डोळे बारीक करून बघत असते. मुलाच्या घराशी बोलायचं कसं हे तिथेच शिकलं जाई. कुटुंबसेवेचा वेगळा तास तिथे नव्हता, लागतही नव्हता. आणि ताराबाई-अनुताई शिकवून मुंबईला परतल्या नाहीत. पहिल्या दिवशी जमलं नाही ते दहाव्या दिवशी कसं जमलं, हे पाहायला त्या त्याच गावात होत्या.

दुसरी वाट मुंबईच्याच नागपाड्याची, आणि तिचं वर्षही दादरच्या शिशुविहाराचंच, 1936. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट नागपाडा नेबरहूड हाउस चालवत. आसपास गिरणी कामगार, गोदीतले हमाल, दाटीच्या चाळी. चांगल्या मनाची माणसं मदतीला येतात, पण काम कसं करायचं ते त्यांना ठाऊक नसतं, म्हणून रीतसर शिक्षण हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. दोराबजी टाटा ट्रस्टने पैसा दिला आणि सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिल्या तुकडीत 20 विद्यार्थी, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. हीच संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस, झाली आणि 1954 मध्ये देवनारला गेली. स्थापनेच्या दुसऱ्याच वर्षी, 1937 मध्ये, शाळेने बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडलं, देशातलं पहिलं.

गरजही समोर होती. मुंबई इलाख्यात 1924 मध्ये मुलांचा कायदा झाला होता, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली होती. रिमांड होममधल्या पोराची चौकशी कुणीतरी करायला हवी होती: घर कुठे, बाप काय करतो, पोरगं पळालं का. ही चौकशी पोलिसी पद्धतीने करायची नाही, हे नागपाड्याच्या शाळेने शिकवलं. एकेका माणसाची परिस्थिती समजून घेऊन मदत करण्याची ही केसवर्कची पद्धत अमेरिकेतून आली आणि पहिली पुस्तकंही इंग्रजीच. डोंगरीच्या पोराला शिकागोच्या चौकटीत बसवताना काय काय निसटलं असेल, याचा विचार मनात येतोच. पण एक गोष्ट या शाळेने पक्की केली. वर्गाइतकंच महत्त्व क्षेत्रकार्याला, आणि विद्यार्थ्याचा प्रत्येक अहवाल वाचून त्याच्यासमोर बसणारा पर्यवेक्षक. ही पद्धत समाजकार्याच्या महाविद्यालयांत अजून टिकून आहे. याच संस्थेच्या जेरू बिलिमोरिया यांनी 1996 मध्ये मुंबईत चाइल्डलाइन ही मुलांसाठीची फोन-मदतवाहिनी सुरू केली. 1098 हा क्रमांक देशभर गेला आणि 2023 मध्ये त्याचा कारभार सरकारी यंत्रणेत विलीन झाला.

म्हणजे एक वाट अंगणातून आली, दुसरी फाइलमधून. वर्ग सुटला तरी शिकवणारी व्यक्ती मागे राहते, हे दोहोंतही होतं.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीने दोन्ही वाटा आपल्याकडे वळवल्या. 1952 मध्ये भारतीय बालकल्याण परिषद, 1953 मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ, साठच्या दशकात बालसेविकांचे प्रशिक्षणवर्ग. राष्ट्रीय पातळीवरची प्रशिक्षणसंस्था 1966 ची. निपसिड या नावाने ती ओळखली गेली आणि 2025 मध्ये तिला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण अहमदनगरला मिस फेरार यांच्याकडे झालं, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. फेरारबाई अमेरिकन मराठी मिशनच्याच. नव्वदएक वर्षांनी नागपाड्याची शाळा काढणारे मॅन्शार्टही त्याच मिशनचे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली. मेळघाटातलं धारणी त्यांपैकी एक. बोर्डीची अंगणवाडी आता सरकारी झाली आणि तिच्यावर सहा सेवांची जबाबदारी आली. प्रशिक्षण सुरुवातीला काही महिन्यांचं होतं, ते आखडत आखडत 26 दिवसांवर आलं.

त्यातला एकच तास जवळून पाहू. आढ्याला टांगलेला झोळीचा काटा, 25 किलोचा, घर 100 ग्रॅमचं. आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा. मुलाचे जाड कपडे, वाळे काढायचे. पाय जमिनीला किंवा भिंतीला टेकू द्यायचे नाहीत. पोर रडतं, झोळी हिंदकळते, काटा नाचतो. तो थांबेपर्यंत थांबायचं आणि डोळे काट्याच्या पातळीवर आणून वाचायचं. मग तक्त्यावर ठिपका. चार घरं चुकली तर कुपोषित मूल साधारण ठरतं किंवा उलट. वर्गात बाहुली ठेवून हे दहा मिनिटांत जमतं. गावात समोर खरं मूल असतं, आणि नजर लागेल म्हणून वजनाला तयार नसलेली त्याची आजीही. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे निकष देशाने स्वीकारले. मुलांचा तक्ता निळा, मुलींचा गुलाबी झाला. श्रेणी तीन आणि चारची भाषा गेली, सॅम (अतितीव्र कुपोषण) आणि मॅमची (मध्यम कुपोषण) आली. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर पट्टी लाल. सगळ्यांना सगळं पुन्हा शिकावं लागलं.

नेमका हाच काळ विस्ताराचा होता. 13 डिसेंबर 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने 2008 अखेरपर्यंत 14 लाख अंगणवाड्या सुरू करा, असा आदेश दिला. आदेश योग्यच होता. भुकेल्या मुलाला प्रशिक्षणाचं वेळापत्रक जमेपर्यंत थांबा म्हणता येत नाही. पण सेविका लाखांनी वाढल्या, शिकवणारे त्या मानाने वाढले नाहीत. नोंदवह्यांची संख्या 11 ठरली आणि उजळणी वर्गाचा मोठा वेळ रकाने समजावण्यात जाऊ लागला.

त्याआधीच गडचिरोलीत वेगळं काही घडून गेलं होतं. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 1993 ते 1998 या काळात 39 गावांत आरोग्यदूत तयार केले, बहुतेक जेमतेम शिकलेल्या बायका. ज्यांना मोजता येत नव्हतं अशा दायांसाठी बंगांनी साधं यंत्र बनवलं होतं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर बाळाला न्यूमोनिया. आरोग्यदूत थोडं शिकत, गावात ते करत, तपासणारा बाळंतिणीच्या घरी येऊन पाहत असे, मग पुढचा टप्पा. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं आणि हे काम देशभरच्या ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात गेलं. पुस्तिका सगळीकडे पोचल्या. घरी येऊन तपासणारा माणूस तितका पोचला नाही.

पोषण अभियानाने 2018 मध्ये हे थोडं ओळखलं. एकदम सगळं न शिकवता 21 छोटे पाठ करून मासिक सभेत एकेक घ्यायचा, ही कल्पना शहाणपणाची होती. 2021 मध्ये नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे मोबाइल अॅप आलं आणि मासिक सभेतला वेळ मोबाइलने खाल्ला. 2023 पासून ‘पोषण भी पढाई भी’ची तीन दिवसांची सत्रं सुरू झाली. कायद्याने प्रशिक्षणाला मुदत घालून दिलेली जागाही आहे: 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळाच्या सदस्यांना नेमणुकीपासून 60 दिवसांत प्रशिक्षण द्यावंच लागतं. अंगणवाडी सेविकेसाठी अशी मुदत त्या ताकदीने कुठे लिहिलेली नाही. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा त्यांचं काम अर्धवेळचं आहे हा युक्तिवाद टिकला नाही.

ताराबाईंची जागा आजच्या रचनेत ज्या बाईला दिली आहे ती मुख्यसेविका. तिच्या देखरेखीखालच्या एका बीटमध्ये साधारण 25 अंगणवाड्या. महिन्यातून सुट्ट्या, प्रकल्प कार्यालयातल्या सभा आणि अहवालांचे दिवस वजा केले की एका अंगणवाडीला एक सकाळ मिळणंही कठीण. ती येते तेव्हा आधी साठा मोजते, मग ट्रॅकरवरची हजेरी बघते. झोळीत मूल घालून सेविकेच्या शेजारी उभं राहायला वेळ उरला, तर ती उभी राहते. मुख्यसेविका काय तपासते याचा नमुना छापलेला मिळतो. ती काय शिकवते याचा रकाना त्यात शोधावा लागतो.